पिवळा रंग कुठं द्यायचा? नगरपंचायतीची विकास योजना वाचताना

तालुक्याच्या गावात विकास योजनेचा प्रारूप नकाशा लागला की पहिली चौकशी एकच असते: कुणाचा गट पिवळ्यात गेला आणि कुणाचा हिरव्यात राहिला? पिवळा म्हणजे रहिवास विभाग, हिरवा म्हणजे शेती विभाग. बांधाला बांध लागून असलेल्या दोन जमिनींचा भाव या रंगानं कितीतरी पटींनी वेगळा होतो, त्यामुळे चौकशी साहजिकच आहे. पण नकाशा भिंतीवर लागेपर्यंत निम्म्याहून अधिक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. त्या कुठं ठरतात, चुका कुठं शिरतात आणि कोणत्या टप्प्याला काय केलं तर उपयोग होतो, ते इथं मांडलं आहे.

२०१४-१५ च्या सुमारास राज्य सरकारनं तालुका मुख्यालयांच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. त्याआधी या गावांना प्रादेशिक योजना असली तर असली, नाहीतर गावठाण आणि बाकी सगळं शिवार एवढीच विभागणी होती. आता तिथं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ खाली स्वतंत्र विकास योजना करावी लागते. कलम ३८ प्रमाणे निदान २० वर्षांतून एकदा तिचा फेरविचार व्हायला हवा. बऱ्याच गावांची ही पहिलीच योजना आहे आणि पहिल्या योजनेत पडलेली चूक पुढची वीस वर्षं सातबाऱ्याला चिकटून राहते.

क्रम थोडक्यात असा. कलम २३ खाली नगरपंचायत योजना करण्याचा इरादा जाहीर करते. लहान नगरपंचायतीकडं नियोजनकार नसतो, म्हणून कलम २४ खाली नगर रचना अधिकारी नेमला जातो; बहुतेक ठिकाणी तो नगर रचना विभागाच्या शाखा कार्यालयातला किंवा विकास योजनेच्या विशेष घटकातला असतो. कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण होतं. मग कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. कलम २८ खाली नियोजन समितीपुढं सुनावणी, कलम ३० खाली योजना सरकारकडं, कलम ३१ खाली मंजुरी.

लोक जागे होतात ते २६ ला. खरं जागं व्हायला हवं २५ ला.

विद्यमान जमीन वापर नकाशा

आज प्रत्येक गटात काय आहे याचं चित्र म्हणजे हा नकाशा: घर, दुकान, गोठा, विहीर, फळबाग, ओढा, पाणंद, पडीक. पुढचं सगळं गणित यावर बसतं. इथं तुमची बारमाही बागायत ‘पडीक’ म्हणून आली, तर नियोजनकाराच्या दृष्टीनं ती आरक्षणासाठी (म्हणजे बाजार, शाळा, उद्यान अशा सार्वजनिक कामाला राखून ठेवण्यासाठी) किंवा रस्त्यासाठी सोयीची मोकळी जागा ठरते. त्याचा यात काही डाव नसतो. त्याच्यापुढं कागद तेवढाच असतो.

हे सर्वेक्षण आता बहुतेक ठिकाणी उपग्रह चित्रावर किंवा ड्रोनच्या छायाचित्रांवर बेततात आणि नंतर गावात फिरून पडताळतात. अडचण येते ती चित्र कोणत्या महिन्यातलं आहे त्यावरून. एप्रिल-मेमध्ये रब्बी निघालेली असते, कालव्याच्या शेपटाकडचं पाणी बंद असतं आणि ज्वारी-हरभऱ्याचं चांगलं रान वरून उघडं माळरान दिसतं. ओढा कोरडा असतो, त्यात बाभळी वाढलेल्या असतात. वरून तो झुडपांचा पट्टा वाटतो आणि नकाशावर त्याची निळी रेघ मध्येच तुटते. मोठ्या आंब्याखालचं घर दिसतच नाही. पाणंद दोन्ही बाजूंच्या घाणेरीनं झाकलेली असली की तीही गायब होते. पडताळणीला आलेला माणूस दिवसाला किती गट पाहणार? डांबरी रस्त्यालगतचे गट नीट होतात, आतले राहतात.

दुसरी मोठी गफलत क्रमांकांची. एकत्रीकरण योजना झालेल्या गावांत सातबारा गट क्रमांकाचा असतो, पण जुने नकाशे आणि काही अभिलेख सर्व्हे क्रमांकावर चालतात. दोन्हींचा मेळ घालणारं पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात मिळतं. तरीही एका गटाच्या हद्दी दुसऱ्यावर सरकल्याची उदाहरणं सर्रास सापडतात. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ४ मीटर. रेषा तीन मिलिमीटर सरकली तर १२ मीटरचा अख्खा रस्ता शेजाऱ्याच्या बांधावरून तुमच्या विहिरीवर येतो.

म्हणून इरादा जाहीर झाल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात आली की लगेच कागद काढायला लागा. सातबारा आणि आठ-अ. मोजणीची ‘क’ प्रत. नसेल तर मोजणीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, कारण मोजणीची तारीख मिळायला वेळ लागतो आणि हरकतीचे ३० दिवस तिच्यासाठी थांबत नाहीत. पीक पाहणीत विहीर, बोअर आणि फळझाडं नोंदलेली आहेत का ते बघा. ई-पीक पाहणीत ती आपली आपणच भरता येतात. कालव्याचं पाणी घेत असाल तर पाणीपट्टीच्या पावत्या ठेवा. मग गावनकाशाच्या प्रतीवर आपला गट रंगवून त्यात घर, गोठा, विहीर, पाइपलाइन, वहिवाटीची वाट पेननं दाखवा आणि ही प्रत नगर रचना अधिकाऱ्याच्या नावानं आवक शिक्का घेऊन द्या. सर्वेक्षणाच्या वेळी अशी माहिती द्यायला कायद्याची आडकाठी नाही आणि प्रारूप निघाल्यावरच्या हरकतीपेक्षा तिचं वजन जास्त पडतं. कारण तेव्हा काहीच बदलायचं नसतं, फक्त बरोबर नोंदायचं असतं.

वाड्या-वस्त्यांवर राहणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे. शेतात तीन पिढ्यांची दहा-पंधरा घरं असतात, ग्रामपंचायतीच्या काळात नमुना ८ ला त्यांची नोंद झालेली असते, पण गावठाणात नसल्यामुळे नकाशावर सगळं हिरवं. योजना तशीच मंजूर झाली की त्या घराच्या दुरुस्तीला, मुलाच्या वाढीव खोलीला, घरकुलाच्या फायलीला बांधकाम परवानगी अडते. अशा वस्तीची घरनिहाय यादी, घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिलं एकत्र जोडून ‘विद्यमान वस्ती’ म्हणून नोंद मागावी. एकेकट्यानं मागण्यापेक्षा वस्तीनं मिळून एक नकाशा द्यावा.

पिवळा किती लागतो?

पिवळा जास्त मिळाला म्हणजे गावाचं भलं झालं, असं सर्रास मानलं जातं. आकडे मांडून पाहू.

समजा गावाची लोकसंख्या पुढच्या वीस वर्षांत १२,००० नं वाढेल असा अंदाज आहे. रस्ते, शाळा, मैदानं धरून हेक्टरी १५० माणसं धरली तर ८० हेक्टर नवी जमीन लागते. १०० धरली तर १२० हेक्टर. आधीच्या पिवळ्यात किंवा बिगरशेती झालेल्या ले-आउटमध्ये रिकामे पडलेले प्लॉट यातून वजा करायचे, आणि ते बहुतेक तालुक्यांच्या गावांत भरपूर असतात. आता प्रारूपात ४०० हेक्टर पिवळं दाखवलं असेल तर हेक्टरी ३० माणसं पडली. दोन गुंठ्यांचे प्लॉट, रस्त्याकडची बाजू साधारण १२ मीटर. शंभर मीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोळा प्लॉट बसतात. पिवळं गरजेच्या चौपट असलं की त्यातले चार-पाचच बांधले जातात. मग शंभर मीटर जलवाहिनी, गटार आणि दिवे चार घरांसाठी टाकायचे आणि त्यांची घरपट्टी तेवढ्याच चार घरांकडून यायची. ‘क’ वर्ग नगरपरिषदेलाही हा खर्च झेपत नाही, नगरपंचायतीची तर गोष्टच सोडा. म्हणून ले-आउट मंजूर होऊन दहा वर्षं झाली तरी टँकर चालू, असं चित्र दिसतं.

पाण्याचं गणित याहून महत्त्वाचं आहे. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं रूढ परिमाण. १२,००० नव्या माणसांना रोज १६ लाख २० हजार लिटर पाणी लागेल आणि त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे १३ लाख लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडेल. ते जाणार कुठं? मलनिःसारण नसलेल्या गावात ते जवळच्या ओढ्याला मिळतं आणि ओढ्याकाठच्या विहिरींत पाझरतं. पिवळ्याच्या खालच्या अंगाला ज्यांची शेती आहे त्यांनी प्रारूपात एकच गोष्ट आधी शोधावी: सांडपाणी प्रक्रियेसाठी जागा दाखवली आहे का, आणि ती उताराच्या खालच्या टोकाला आहे का? ती वरच्या अंगाला दाखवली असेल तर पंप लावून पाणी चढवावं लागेल आणि वीजबिल थकलं की सगळं पुन्हा ओढ्यात.

कोणती जमीन घरांना, कोणती पिकाला

जुनी गावं वसली तेव्हा वस्ती पांढऱ्या मातीवर आणि पीक काळ्या मातीत, ही रीत होती. नव्या योजनांमध्ये ती पाळली जात नाही, कारण पिवळा पट्टा राज्यमार्गाच्या दोन्ही बाजूंनी लांबत जातो आणि रस्ता बहुतेकदा नदीकाठच्या सपाट काळ्या रानातूनच गेलेला असतो.

खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाचं घर बांधलं की दोन-तीन उन्हाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघतात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. काळी बारा फूट खोल असेल तर साध्या घराच्या पायाचा खर्च हाताबाहेर जातो. म्हणजे सगळ्यात चांगलं रान पिवळ्यात घालून आपण सगळ्यात महागडा पाया विकत घेतो. याउलट हातभर मातीखाली मुरूम लागणारी माळाची जमीन, जी जिरायतीत पोत्याला महाग, ती घरांसाठी उत्तम: पाया उथळ चालतो, पाण्याचा निचरा होतो, साप-विंचवांखेरीज कुणाचं पोट तिच्यावर नसतं. तिथपर्यंत रस्ता आणि पाण्याची टाकी नेणं हाच काय तो खर्च. माझं ठाम मत आहे की लाभक्षेत्रातली, पाटपाण्याची जमीन पिवळ्यात घेण्याआधी माळाचा प्रत्येक गट तपासला गेलाच पाहिजे. कालवा काढायला सरकारनं पैसा घातला आणि ते पाणी शेतावर आणायला शेतकऱ्यानं पाइपलाइनचं कर्ज घेतलं. त्यावर डांबर ओतायचं तर दुसरा इलाज उरलेला नसावा.

नदीकाठच्या गावांनी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आहे का ते पहिल्यांदा बघावं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांमध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर उंच लागतं. लहान गावांच्या प्रारूपांत या रेषा कित्येकदा नसतातच, कारण जलसंपदा विभागाकडून त्या आखून घेतलेल्या नसतात. रेषा नाही याचा अर्थ पूर नाही असा होत नाही. अशा ठिकाणी आधीच्या पुराच्या खुणा, देवळाच्या पायरीवर वा शाळेच्या भिंतीवर असतात त्या, फोटोसह हरकतीत द्याव्यात आणि रेषा आखून येईपर्यंत तो भाग पिवळ्यात घेऊ नये अशी मागणी करावी.

आणि पाणंद विसरू नका. ऊस नेणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह वळायचा तर वाट रुंद लागते. पिवळा पट्टा पाणंदीच्या तोंडावर आला की ले-आउटवाला ती आपल्या अंतर्गत रस्त्यात मिसळतो, पुढं कुंपण घालतो आणि मागच्या दहा शेतकऱ्यांचा ऊस उभा राहतो. मग मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली तहसीलदारापुढं दावा लावायचा आणि तारखा मोजायच्या. त्यापेक्षा प्रारूपावरच ‘गट अमुक ते तमुक विद्यमान पाणंद, ती सार्वजनिक रस्ता म्हणून दाखवावी’ अशी हरकत घेणं शतपटीनं सोपं.

आरक्षण पडलं तर

बाजार, उद्यान, क्रीडांगण, शाळा, दफनभूमी यांसाठी जागा लागतेच. पण लहान गावात आरक्षणाचा जाच मोठ्या शहरापेक्षा जास्त होतो आणि त्याचं कारण साधं आहे. कलम १२६ प्रमाणे जमीन घेण्याचे मार्ग तीन: वाटाघाटीनं खरेदी, हस्तांतरणीय विकास हक्क (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडं जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क), किंवा भूसंपादन. नगरपंचायतीकडं खरेदीला पैसा नसतो. विकास हक्काचं प्रमाणपत्र घेतलं तरी ते विकत कोण घेणार? दोन मजल्यांच्या गावात जादा चटईक्षेत्राला गिऱ्हाईक नाही. मग जमीन ना विकता येते, ना बांधता येते, ना तिच्यावर कर्ज मिळतं.

यातून वाट दाखवणारं कलम १२७ आहे. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकानं खरेदी सूचना द्यायची. सूचनेपासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. इथं बहुतेक सूचना फसतात त्या मालकीच्या कागदांवर: सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या नसतात, वारसनोंद अपुरी असते, क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नाही. सूचना देण्याआधी वारस फेरफार पूर्ण करून घ्या.

आरक्षण कुणावर पडतं हेही बघायला हवं. एक-दीड एकरच्या खातेदारावर अर्धा एकर पडला तर त्याचं घर बसतं. वीस एकरच्या खातेदाराला तो ओरखडा असतो. कायदा खात्याचा आकार पाहात नाही, पण नियोजन समिती पाहू शकते. म्हणून हरकतीला आठ-अ जोडून एकूण धारणा दाखवावी. काही ठिकाणी नगर रचना योजना हा न्याय्य पर्याय ठरतो: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-मैदानं कापायची आणि उरलेलं प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात आखीव प्लॉटच्या रूपात परत द्यायचं. वेळ लागतो, भांडणंही होतात. पण रस्ता एकाच्याच मानेवर बसत नाही.

हिरव्यात राहिलेल्यांसाठी

मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात शेती विभागातही गोठे, कुक्कुटपालन, शीतगृह, गोदाम अशा बऱ्याच वापरांना मुभा आहे. शेतघरासाठी निदान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते आणि बांधकाम त्या क्षेत्राच्या अगदी थोड्या टक्क्यांपुरतं. खातेफोड होऊन तिघा भावांकडं वीस-वीस गुंठे आले की एकालाही शेतघर मिळत नाही. म्हणून वाटणी करण्याआधी घराचा विचार करावा.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरलं. त्यानंतर विहीर, शेतरस्ता, घरकुल यांसाठी सवलती आल्या आणि जुने तुकडे नियमित करण्याचे निर्णयही आले. हे नियम भराभर बदलत आहेत, त्यामुळे दस्ताआधी ताजी अधिसूचना दुय्यम निबंधकाकडून पाहून घ्यावी. पण एक गोष्ट कुठल्याच सवलतीनं बदलत नाही: तुकडा नियमित झाला म्हणजे मालकी नीट झाली, झोन बदलला नाही. हिरव्यातल्या नियमित तुकड्यावर घराची परवानगी आपोआप मिळत नाही. गुंठेवारी कायदा, २००१ ची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली गेली, तीही सगळ्या ठिकाणी नव्हे. पूररेषेतले, आरक्षणावरचे तुकडे तिच्यात बसत नाहीत.

पिवळ्यात जमीन गेली की बिगरशेतीचं काम मात्र आता सोपं झालं आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ब खाली अंतिम विकास योजनेत ज्या वापरासाठी जमीन दाखवली आहे त्यासाठी वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. रूपांतरण कर आणि लागू असेल तर नजराणा भरला की झालं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना अशीच सवलत कलम ४२-ड देतं. अडतं ते भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनींवर: इनाम, वतन, कुळकायद्याच्या, पुनर्वसनाच्या. पिवळा रंग पाहून टोकन दिलेला गिऱ्हाईक सातबाऱ्यावर ‘वर्ग २’ वाचायला विसरतो.

ले-आउट रीतसर पाडला तर हातात काय उरतं, तेही माहीत हवं. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, ८,०९४ चौरस मीटर. ०.४ हेक्टरच्या वरच्या ले-आउटला १० टक्के खुली जागा सोडावी लागते: ८ गुंठे गेले. ९ मीटरचे अंतर्गत रस्ते आणि वळणाच्या जागा धरून जमिनीच्या आकाराप्रमाणे १८ ते २० गुंठे. विकायला उरले ५२ ते ५४. बेकायदा गुंठे पाडणारा दहा फुटी बोळ सोडून ७० च्या वर विकतो, म्हणून त्याचा भाव स्वस्त. त्या दहा फुटांत गटार आणि जलवाहिनी शेजारी शेजारी बसत नाहीत, अग्निशमनाची गाडी वळत नाही आणि पुढच्या योजनेत रस्तारुंदीची रेषा लोकांच्या ओट्यांवरून जाते. स्वस्तात घेतलेल्या गुंठ्याची उरलेली किंमत घेणाऱ्याच्या मुलाला द्यावी लागते.

हरकत कशी लिहायची

‘आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी आरक्षण रद्द करावे’ या एका ओळीच्या शेकडो हरकती येतात आणि एका ओळीतच फेटाळल्या जातात. नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. त्यांना अहवालात प्रत्येक हरकतीपुढं कारण लिहावं लागतं. ते कारण तुम्हीच लिहून दिलं तर काम होतं. नमुना असा:

‘गट क्र. (…), क्षेत्र ०.६२ हेक्टर. प्रारूप योजनेत या गटाच्या पूर्वेकडील ०.२० हेक्टर क्षेत्रातून १२ मीटर रुंद रस्ता दर्शविला आहे. सदर जागेत १९९८ पासून विहीर असून सातबारा उताऱ्यावर नोंद आहे (जोडपत्र १). विद्यमान जमीन वापर नकाशात ही विहीर दर्शविलेली नाही (जोडपत्र २). रस्त्याची मध्यरेषा पश्चिमेकडे १५ मीटर सरकविल्यास तो गावनकाशावरील विद्यमान पाणंदीवरून जाईल, एकाही विहिरीस वा घरास बाधा येणार नाही आणि रस्त्याची सलगता कायम राहील (जोडपत्र ३, नकाशा). तरी त्याप्रमाणे फेरबदल करावा.’

यात चार गोष्टी आहेत: योजना काय दाखवते, जमिनीवर काय आहे, नोंदीत चूक कुठं झाली आणि दुसरी वाट कोणती. चौथी नसेल तर पहिल्या तिन्ही वाया जातात, कारण रस्ता हवाच असतो. एका अर्जात एकच गट घ्या. आवक क्रमांकाचा शिक्का स्वतःच्या प्रतीवर घ्या. मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात, गावातल्या फलकापासून नव्हे. पर्याय म्हणून गायरान सुचवण्याचा मोह टाळा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर आणि संहितेच्या कलम २२-अ मुळे गायरान वळवणं फार अवघड झालं आहे आणि समितीला तुमची हरकत बाजूला ठेवायला आयतं कारण मिळतं.

सुनावणीत बोलायला पाच-सात मिनिटं मिळतात. मोठा नकाशा, त्यावर एका रंगानं योजनेची रेषा आणि दुसऱ्या रंगानं तुमची, एवढं पुरतं. गावातल्या पुढाऱ्याला बोलायला लावण्यापेक्षा ज्याची विहीर आहे त्यानं बोलावं.

समितीच्या अहवालानंतर नगरपंचायत जे फेरबदल करते त्यांवर पुन्हा नजर ठेवावी लागते. इथंच काही गट गुपचूप हिरव्यातून पिवळ्यात जातात. बदल मोठ्या स्वरूपाचा असेल तर कलम २९ खाली तो पुन्हा प्रसिद्ध करून हरकती मागवणं बंधनकारक आहे. तसं न करता योजना कलम ३० खाली पाठवली गेली तर सरकारकडं लेखी तक्रार द्यावी. सरकार कधी कधी योजना मंजूर करून काही भाग वगळून ठेवतं. या वगळलेल्या भागांना ई.पी. (एक्सक्लुडेड पार्ट) क्रमांक असतात, त्यांची वेगळी सूचना निघते आणि वेगळ्या हरकती घेतल्या जातात. मूळ योजनेला हरकत दिली म्हणून इथं ती आपोआप धरली जात नाही, नव्यानं द्यावी लागते.

मंजुरीनंतर कलम ३७ खाली एकेका गटाचे फेरबदल सुरू होतात. अडचणीत सापडलेल्या माणसासाठी हे कलम गरजेचं आहे. पण एकेक गट करून हिरवं पिवळं होत गेलं तर योजनेत अर्थ उरत नाही. गोव्यात नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९-अ वरून गावोगाव लोक रस्त्यावर उतरले ते याच कारणानं: भातशेती, बागायत आणि डोंगर तुकड्यातुकड्यानं वस्तीत बदलत होते आणि पाणी, रस्ते, सांडपाणी यांचा एकत्र विचार कुठंच नव्हता. आपल्याकडं कलम ३७ ची सूचना निघाली की हरकतींना एक महिना मिळतो. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. शेतकरी गटांनी एका माणसाकडं ती रोज बघण्याचं काम सोपवावं आणि प्रत्येक फेरबदलाला तीन गोष्टी विचाराव्यात: या गटाला पाणी कुठून, सांडपाणी कुठं आणि मागच्या शेतांची वाट कुठून?

अंतिम योजना राजपत्रात नमूद केलेल्या तारखेपासून अमलात येते आणि ती तारीख प्रसिद्धीनंतर निदान महिन्याभरानं असते. त्या दिवशी नगरपंचायतीत अर्ज करून आपल्या प्रत्येक गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा शिक्क्यासह घ्या. प्रारूपाच्या भाग नकाशावर तो ठेवून रेषा जुळवा. फरक दिसला तर मंजुरीच्या अधिसूचनेसोबतची फेरबदलांची अनुसूची मागा. तिच्यात तुमचा गट नसेल आणि रेषा तरीही हललेली असेल, तर ती आखणीची चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी नगरपंचायत आणि नगर रचना शाखा कार्यालय या दोन्हीकडं, दोन्ही नकाशे जोडून, लेखी अर्ज करा.